मेंदूतील अर्बुदांची एमआरआय तपासणी आणि कॉन्ट्रास्ट द्रव्यांची तुलना : एक समीक्षण

१

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्‌घाटन झाले, त्यांत वाशिमचेही एक होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात रिसोड, मानोरा किंवा कारंजा तालुक्यातील ज्या रुग्णास प्रथमच आकडी आली आणि ज्याच्या मेंदूत गाठ असावी असा वैद्यांस संशय आला, त्यास पुढील तपासणीसाठी बहुधा अकोला, अमरावती किंवा नागपूर गाठावे लागे. तपासणीच्या चिठ्ठीवर ‘मेंदूचा एमआरआय, कॉन्ट्रास्टसह’ एवढीच नोंद सामान्यतः असते. कोणते कॉन्ट्रास्ट, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. आणि रुग्णाच्या नातेवाइकांनी तो प्रश्न विचारावा, अशी अपेक्षा करणेही रास्त नव्हे.

परंतु शिरेवाटे दिले जाणारे हे द्रव्य एकच एक नाही. गेल्या चार दशकांत अशी अनेक द्रव्ये प्रचारात आली, काही मागे पडली, काहींवर निर्बंध आले, आणि त्यांची परस्परांशी तुलना करणारे पुष्कळ वाङ्मय निर्माण झाले. प्रस्तुत लेखात या तुलनांचा निकाल नव्याने लावण्याचा हेतू नाही. त्यांत नेमके काय मोजले गेले, जे मोजले गेले त्यावरून काय सिद्ध होते, आणि आपल्याकडील रुग्णाच्या दृष्टीने जो प्रश्न सर्वांत निकडीचा आहे त्यास त्यांतून उत्तर मिळते किंवा नाही, एवढ्याच मुद्द्यांचा येथे विचार करावयाचा आहे.

२

प्रथम या द्रव्यांमागील तत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. चुंबकीय क्षेत्रात असलेल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी विचलित केले असता ती पूर्वस्थितीस येण्यास काही अवधी घेतात. त्यास शिथिलीकरण काल म्हणतात. पाण्यात समचुंबकीय आयन मिसळला की हा काल घटतो. ही गोष्ट प्रतिमा घेण्याच्या तंत्राहून पुष्कळच जुनी आहे. फेलिक्स ब्लॉख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ मधील आपल्या मूळ प्रयोगांतच याच कारणास्तव पाण्यात फेरिक नायट्रेट मिसळले होते. ब्लूमबर्गन, पर्सेल आणि पाउंड यांनी १९४८ मध्ये शिथिलीकरणाची उपपत्ती मांडली. या इतिहासात आपल्याकडील एका नावाचे स्मरण करणे उचित होईल. ब्लॉख यांच्या परंपरेत स्टॅनफर्ड येथे काम करून १९५१ मध्ये आर्नल्ड व पॅकर्ड यांच्यासह अल्कोहोलमधील हायड्रोजनचे निरनिराळे संकेत दाखवून देणारे एस. एस. धर्माधिकारी नव्हेत, तर एस. एस. धर्मट्टी, त्यांनीच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे कार्य उभे केले. लाउटरबर यांनी या तत्त्वावरून प्रतिमा काढून दाखविली ती १९७३ मध्ये.

गॅडोलिनियमच्या त्रिसंयुजी आयनात सात अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात. म्हणून शिथिलीकरण काल घटविण्याच्या कामी तो विशेष समर्थ ठरतो. परंतु त्याचा आकार कॅल्शियमच्या आयनाशी मिळताजुळता असल्यामुळे मोकळ्या स्थितीत तो शरीरास घातक असतो. खेकड्याने नांगीत एखादी वस्तू घट्ट धरावी त्याप्रमाणे एखाद्या सेंद्रिय रेणूने त्यास धरून ठेवले तरच तो शिरेत सोडता येतो. अशा बद्ध रूपास कीलेट म्हणतात. कीलेटचे दोन प्रकार आहेत. रेषीय प्रकारात धरणारा रेणू उघड्या साखळीसारखा असतो. वलयी प्रकारात तो आयनाभोवती बंद कडे करतो. वलयी पकड सुटणे फार कठीण, रेषीय पकड त्या मानाने सैल. पुढील सर्व विवेचनात हा भेद महत्त्वाचा आहे.

रेषीय वर्गातील गॅडोपेंटेटेट हे पहिले द्रव्य. त्याचे गुणधर्म वाइनमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी लंडन येथे मेंदूत अर्बुद असलेल्या रुग्णांवर त्याचा उपयोग झाल्याचा वृत्तांत आला. १९८८ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. म्हणजे कॉन्ट्रास्ट एमआरआयचा आरंभच मेंदूतील अर्बुदांपासून झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

द्रव्याच्या सामर्थ्याचे माप म्हणजे त्याची शिथिलनक्षमता. १.५ टेस्ला क्षेत्रात, शरीराच्या तापमानास, रक्तद्रवात मोजलेले आणि २००५ मध्ये रोरर व सहकाऱ्यांनी दिलेले आकडे सामान्यतः प्रमाण मानले जातात. दर सेकंदास, दर लिटर मिलिमोलला, ते असे : गॅडोटेरेट ३.६, गॅडोटेरिडॉल ४.१, गॅडोपेंटेटेट ४.१, गॅडोब्युट्रॉल ५.२, गॅडोबेनेट ६.३. यांपैकी गॅडोपेंटेटेट व गॅडोबेनेट रेषीय, बाकीची तीन वलयी. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या गॅडोपिक्लेनॉल या वलयी द्रव्याची क्षमता बाराच्या आसपास आहे. इतर द्रव्यांत गॅडोलिनियमला एका वेळी पाण्याचा एकच रेणू लगटतो, याच्यात दोन, हे त्याचे प्रमुख कारण होय.

येथे एका समजाचे निरसन करणे अवश्य आहे. प्रतिमेत जो भाग उजळतो तो ‘अर्बुद’ असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः ही द्रव्ये अर्बुदाच्या पेशी ओळखत नाहीत. निरोगी मेंदूत रक्त आणि ऊती यांच्यामध्ये जो अडसर असतो तो ती ओलांडू शकत नाहीत. जेथे तो अडसर मोडला आहे तेथे ती झिरपतात आणि तेवढा भाग उजळतो. मंदगतीने वाढणारी पुष्कळशी ग्लायोमा अर्बुदे मुळीच उजळत नाहीत, आणि उजळणाऱ्या अर्बुदांच्याही पेशी उजळलेल्या कडेच्या बाहेर पसरलेल्या असतात. उलट, अर्बुद नसतानाही अडसर मोडू शकतो. तेव्हा ‘अधिक उजळणे’ आणि ‘अधिक कळणे’ या दोन गोष्टी भिन्न आहेत.

३

आता प्रत्यक्ष तुलनांकडे वळू. २०१२ पासून २०२३ पर्यंतच्या सहा अभ्यासांचा येथे विचार केला आहे. सर्वांची रचना स्थूलमानाने एकच. त्याच रुग्णाची काही दिवसांच्या अंतराने दोनदा तपासणी करावयाची, एकदा एक द्रव्य देऊन आणि दुसऱ्यांदा दुसरे; क्रम चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवावयाचा; आणि कोणत्या प्रतिमेत कोणते द्रव्य आहे हे ठाऊक नसलेल्या वाचकांकडून प्रतिमा तपासून घ्यावयाच्या. ही रचना उत्तम आहे हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याशीच होत असल्यामुळे रुग्णारुग्णांतील फरकाचा प्रश्न उरत नाही.

मेरिट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१२ च्या अभ्यासात गॅडोबेनेट व गॅडोब्युट्रॉल यांची तुलना झाली आणि वाचकांनी गॅडोबेनेटला पसंती दिली. २०१३ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात गॅडोब्युट्रॉलची तुलना गॅडोटेरिडॉलशी, दुसऱ्यात गॅडोटेरेटशी होती. दोहोंत गॅडोब्युट्रॉल सरस ठरले. ट्रूथ नावाच्या २०१५ च्या अभ्यासात पुन्हा गॅडोब्युट्रॉल व गॅडोटेरिडॉल हीच जोडी घेतली गेली, आणि २२९ रुग्णांअंती दोहोंत लक्षणीय अंतर नाही असा निर्वाळा मिळाला. २०१७ च्या रेमाइंड अभ्यासात गॅडोटेरेट गॅडोब्युट्रॉलहून उणे नाही असे ठरले. २०२३ च्या पिक्चर अभ्यासात गॅडोपिक्लेनॉलची निम्मी मात्रा गॅडोब्युट्रॉलच्या पूर्ण मात्रेहून उणी नाही असे दिसून आले.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की या सहाही सामन्यांत एक बाजू गॅडोब्युट्रॉलचीच आहे. एकदा ते मागे पडले, दोनदा पुढे गेले, आणि तीनदा बरोबरी झाली. शिवाय गॅडोटेरिडॉल आणि गॅडोटेरेट या दोन्ही जोड्यांच्या बाबतीत २०१३ चा निकाल आणि नंतरचा निकाल यांत मेळ नाही. द्रव्ये तीच, मात्रा तीच, रचना जवळजवळ तीच. तरी निकाल भिन्न.

यासंबंधी एक गोष्ट उघडपणे नमूद केली पाहिजे. मेरिट व ट्रूथ हे अभ्यास ब्राको या कंपनीच्या साहाय्याने झाले; गॅडोबेनेट व गॅडोटेरिडॉल ही ब्राकोचीच द्रव्ये. रेमाइंड व पिक्चर यांच्यामागे गर्बे ही कंपनी. गॅडोटेरेट व गॅडोपिक्लेनॉल तिची. या चारही अभ्यासांचा निष्कर्ष साहाय्य करणाऱ्यास सोयीचा आहे. यावरून कोणी खोटेपणा केला असे अनुमान काढणे अन्यायाचे होईल. तसा कोणताही आधार नाही. परंतु प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावयाचा, हे खर्च करणारा ठरवितो. ज्याचे द्रव्य अधिक उजळते तो ‘सरस कोणते’ असे विचारतो. ज्याचे कमी उजळते तो ‘उणे आहे काय’ असे विचारतो. ‘उणे नाही’ असे ठरविण्यासाठी किती अंतर क्षम्य मानावयाचे याची मर्यादा आधीच आखावी लागते, आणि त्या मर्यादेत बसणारे खरेखुरे अंतरही मग बरोबरीच म्हणून नोंदले जाते. दोन प्रश्न निराळे असल्यामुळे दोन उत्तरे परस्परविरोधी न होताही निराळी येऊ शकतात.

४

हा विरोध सोडवावयाचा तर मोजमापाच्या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली पायरी उपकरणाची : संकेत किती वाढला. दुसरी डोळ्याची : अनुभवी वाचकास गाठ किती स्पष्ट दिसली. तिसरी निर्णयाची : त्या स्पष्टतेमुळे निदान अथवा उपचार बदलला काय.

पहिल्या पायरीवर वादास फारशी जागा नाही. गॅडोटेरेट ३.६ आणि गॅडोब्युट्रॉल ५.२ म्हणजे शेकडा ४४ चे अंतर. समान मात्रेत संकेत अधिक वाढणारच. तथापि हे अंतर जसेच्या तसे प्रतिमेत उतरत नाही. द्रव्याचे प्रमाण वाढत जाते तशी संकेताची वाढ मंदावते, आणि प्रतिमा कोणत्या रीतीने व टोचल्यानंतर किती वेळाने घेतली यावरही ती अवलंबून असते.

दुसऱ्या पायरीवर बहुतेक अभ्यास थांबतात. गाठीची कड किती स्पष्ट, तिची अंतर्रचना किती उलगडली, आणि ती किती उजळली, या तीन बाबींना वाचक गुण देतात. किंवा दोन प्रतिमा शेजारी ठेवून पसंती सांगतात. शेजारी ठेवलेल्या दोन प्रतिमांत अत्यल्प फरकही पसंतीचे रूप घेतो. गुण देण्याच्या पद्धतीत तोच फरक दोन पायऱ्यांच्या मध्ये लुप्त होतो. एकाच जोडीचे निकाल भिन्न येण्याचे एक कारण येथे असू शकेल.

तिसऱ्या पायरीबद्दल मात्र हे वाङ्मय बहुधा मौन पाळते. ज्या गाठीची कड एका प्रतिमेत थोडी अधिक ठळक दिसली, तिच्यावर शस्त्रक्रिया करण्याचा किंवा न करण्याचा निर्णय त्यामुळे बदलला काय? याचे उत्तर गुणांच्या सरासरीत मिळत नाही. एक अपवाद न्यायबुद्धीने सांगितला पाहिजे. शरीरात अन्यत्र असलेल्या कर्करोगाच्या लहान गाठी मेंदूत पसरल्या असता त्यांची संख्या उपचारास निर्णायक ठरते. एक गाठ असेल तर एक मार्ग, दहा असतील तर दुसरा. १९९० च्या दशकात गॅडोटेरिडॉलची तिप्पट मात्रा देऊन अधिक गाठी दिसतात काय हे पाहिले गेले, आणि त्या दिसल्याही. तेथे दुसरी पायरी तिसरीपर्यंत पोहोचते. पण हा अपवाद आहे; त्यावरून सर्व अर्बुदांसाठी नियम करता येणार नाही.

ग्लायोमाच्या बाबतीत तर उजळण्यावर विसंबणे अनेकदा फसवे ठरले आहे. किरणोपचार व टेमोझोलोमाइड यांच्यानंतर काही रुग्णांत उजळलेला भाग वाढतो, आणि पुढे काही न करता कमीही होतो. ती अर्बुदाची वाढ नसतेच. उलट बेव्हासिझुमॅब या औषधाने रक्तवाहिन्यांची गळती थांबून उजाळा झपाट्याने कमी होतो, पण अर्बुद तितक्या प्रमाणात कमी झालेले नसते. याच अनुभवामुळे १९९० चे केवळ उजळलेल्या भागावर आधारलेले निकष अपुरे मानले जाऊन २०१० मध्ये न उजळणाऱ्या भागाचीही दखल घेणारे निकष आले. जे मोजमाप स्वतःच इतके संदिग्ध, ते थोडे अधिक ठळक करून देणारे द्रव्य थोर, असे म्हणण्यात कितपत अर्थ आहे, याचा विचार व्हावा.

५

द्रव्यांची निवड डोळ्यावर सोपविता येत नाही, तर मग कशावर? याचे उत्तर तुलनात्मक अभ्यासांच्या बाहेर घडलेल्या घटनांनी दिले.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत त्वचा व अंतर्गत ऊती कठीण होत जाण्याचा एक नवा विकार २००० मध्ये वर्णिला गेला. २००६ मध्ये ग्रोबनर यांनी त्याचा संबंध गॅडोलिनियमशी जोडला. मूत्रपिंडे काम करीत नसल्यामुळे द्रव्य शरीरात दीर्घकाळ राहते, सैल पकडीतून आयन सुटतो आणि हा अनर्थ ओढवतो, असे त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः मान्य झाले आहे. या घटनांत गॅडोडायमाइड, गॅडोपेंटेटेट व गॅडोव्हर्सेटामाइड ही तीन रेषीय द्रव्येच प्रामुख्याने आढळली. त्यानंतर २०१४ मध्ये जपानमधील कांडा व सहकाऱ्यांनी दाखविले की वारंवार तपासणी झालेल्या रुग्णांच्या मेंदूतील काही केंद्रे कॉन्ट्रास्ट न देताच उजळ दिसतात. आणि २०१५ मध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या ऊतींत, मूत्रपिंडे चांगली असलेल्या रुग्णांतही, गॅडोलिनियम साठलेले आढळले. हा साठा रेषीय द्रव्यांनंतर अधिक, वलयी द्रव्यांनंतर कमी. या साठ्यामुळे मेंदूस अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

२०१७ मध्ये युरोपने यावर निर्णय घेतला. वर उल्लेखिलेल्या तीन रेषीय द्रव्यांचा शिरेवाटे वापर थांबविण्यात आला, आणि गॅडोबेनेट केवळ यकृताच्या तपासणीपुरते राखून ठेवण्यात आले. अमेरिकेने मात्र त्याच वर्षी सर्व द्रव्यांसंबंधी इशारा देऊन ती उपलब्ध ठेवली. तेथील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेच्या वर्गीकरणात गॅडोबेनेट वलयी द्रव्यांबरोबरच अल्प धोक्याच्या गटात आहे. यातील विसंगती बोलकी आहे. २०१२ मध्ये वाचकांच्या डोळ्यांनी ज्यास पहिला क्रमांक दिला, ते द्रव्य पाच वर्षांनी युरोपात मेंदूच्या तपासणीतून बाद झाले. स्पष्टतेच्या शर्यतीतील यश आणि वापरण्याची योग्यता या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत, याहून अधिक ठसठशीत उदाहरण शोधून सापडणार नाही.

अल्प धोक्याच्या गटाविषयीचा पुरावा २०२० मध्ये एकत्र करण्यात आला. मूत्रपिंडविकाराच्या चौथ्या व पाचव्या अवस्थेतील ४९३१ रुग्णांना ही द्रव्ये दिली गेली होती. वरील विकार एकासही झाला नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी येथे संख्याशास्त्राचा एक साधा धडा विसरू नये. निरीक्षणात शून्य आले म्हणजे धोका शून्य असे होत नाही. या संख्येवरून निघणारी वरची मर्यादा शेकडा ०.०७, म्हणजे दहा हजारांत सात, इतकी आहे. तथापि व्यवहारासाठी हे आश्वासन पुष्कळ आहे.

आता याचा आपल्या प्रदेशाशी संबंध पाहू. अकोला, अमरावती व बुलढाणा या शेजारच्या जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडविकाराची तक्रार जुनी आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि त्या विकारातही मूत्रपिंडांस इजा पोहोचते; गॅडोपेंटेटेटच्या माहितीपत्रकात तर प्रयोगशाळेतील निरीक्षणांच्या आधारे सिकलसेलच्या रुग्णांसंबंधी वेगळी सावधगिरी सुचविलेली होती. ज्या रुग्णाची क्रिएटिनिन तपासणी झालेली नाही, किंवा जो रात्रीचा प्रवास करून आकडीच्या अवस्थेत दाखल झाला आहे, त्याच्या बाबतीत रेषीय आणि वलयी हा भेद केवळ पुस्तकी राहत नाही. शिवाय अर्बुदाचा रुग्ण एकदा तपासून मोकळा होत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी, शस्त्रक्रियेनंतर, किरणोपचारानंतर आणि पुढे काही महिन्यांच्या अंतराने त्याची तपासणी होतच राहते. साठ्याचा प्रश्न सर्वाधिक ज्यास लागू होतो तो हाच रुग्ण.

या दृष्टीने पिक्चर अभ्यासाकडे पाहिले तर त्याचे मोल निराळ्या ठिकाणी आढळते. ६० किलो वजनाच्या रुग्णास नेहमीच्या मात्रेत ६ मिलिमोल, म्हणजे सुमारे ०.९४ ग्रॅम गॅडोलिनियम मिळते. गॅडोपिक्लेनॉलच्या मात्रेत ०.४७ ग्रॅम. दिसणे तितकेच आणि धातू निम्मा. ‘अधिक उजळ’ या दाव्यापेक्षा हा लाभ खरा आहे. साठाही त्याच प्रमाणात निम्मा होतो काय, हे मात्र दीर्घ निरीक्षणानेच ठरावयाचे आहे.

६

येथवरचा विचार द्रव्य निवडण्यापुरता झाला. परंतु आपल्याकडील वैद्यापुढे त्याआधीच एक प्रश्न उभा असतो, आणि वरील सहाही अभ्यासांत तो विचारलेला नाही. त्या अभ्यासांतील रुग्णांत अर्बुद आहे असे आधीच ज्ञात होते किंवा तसा सबळ संशय होता. आपल्याकडे तरुण रुग्णास आकडी येते, मेंदूत कड्यासारखी उजळणारी एक लहान गाठ दिसते, आणि प्रश्न पडतो : हे अर्बुद आहे, क्षयाची गाठ आहे, की फीतकृमीच्या अळीने केलेली गाठ? तिघांतही अडसर मोडतो, तिघांतही द्रव्य झिरपते, तिघेही उजळतात. एकास शस्त्रक्रिया व किरणोपचार, दुसऱ्यास अनेक महिने क्षयाची औषधे, तिसऱ्यास बहुधा आकडीचे औषध आणि धीर. चूक झाली तर तिची किंमत केवढी, हे सांगावयास नको.

या प्रश्नाचा जो अभ्यास आपल्या देशात झाला तो उद्‌बोधक आहे. वेल्लोर येथील वेदांतम् राजशेखर व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सीटी तपासणीच्या आधारे फीतकृमीची गाठ व क्षयाची गाठ ओळखण्याचे निकष मांडले. गोल, २० मिलिमीटरपर्यंतची, मेंदूची मध्यरेषा ढळविण्याइतकी सूज नसलेली गाठ कृमीची असण्याचा संभव अधिक. वेडीवाकडी, त्याहून मोठी, तीव्र सूज आणणारी व हातापायांत अशक्तपणा निर्माण करणारी गाठ क्षयाची. या अभ्यासात गाठ किती उजळली हा प्रश्नच नव्हता. तिचे आकारमान, तिचा आकार, भोवतालची सूज, रुग्णाची लक्षणे आणि अंतिम निदान यांची सांगड घालण्यात आली होती. म्हणजे आमच्या परिभाषेत हा तिसऱ्या पायरीचा अभ्यास होय. उपकरण त्या मानाने साधे होते. प्रश्न मात्र नेमका होता.

एमआरआयने या कामी भर घातली आहे ती देखील उजाळ्यापेक्षा अन्य मार्गांनी. घट्ट झालेली क्षयाची गाठ दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे टी-२ प्रतिमेत काळसर दिसते. वर्णपटमापनात तिच्यात मेदाचा संकेत ठळक येतो. कृमीच्या गाठीत अळीचे डोके एका बाजूस बिंदूप्रमाणे दिसू शकते. यांपैकी वर्णपटाचा मार्ग तर थेट १९५१ च्या त्या अल्कोहोलच्या प्रयोगापासून आलेला आहे. कॉन्ट्रास्ट द्रव्य गाठ कोठे आहे ते दाखविते. ती काय आहे हे सांगण्यास इतर साक्षी लागतात. यावरून कॉन्ट्रास्ट निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. त्याच्यावाचून पुष्कळ गाठी दिसणारच नाहीत. पण कोणते द्रव्य किंचित अधिक ठळक, या प्रश्नावर जितके श्रम वेचले गेले त्याचा अल्पांश जरी ‘ही गाठ कशाची’ या प्रश्नावर, त्याच काटेकोर रचनेने, वेचला गेला असता तर आपल्या रुग्णांचे अधिक हित झाले असते.

७

लोहकणांच्या द्रव्यासंबंधी दोन शब्द. फेरुमॉक्सिटॉल हे द्रव्य पांडुरोगाच्या उपचारासाठी २००९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मेंदूच्या प्रतिमांसाठी त्याचा उपयोग प्रायोगिक स्वरूपात झालेला आहे. ते पेशींत मंदपणे शिरते, त्यामुळे टोचल्यानंतर सुमारे एक दिवसाने प्रतिमा घ्याव्या लागतात. आणि तीव्र ॲलर्जीच्या धोक्यामुळे २०१५ मध्ये त्यावर कडक इशारा छापण्यात आला. मूत्रपिंडे निकामी असलेल्या रुग्णासाठी त्याचा विचार होऊ शकतो. पण परगावाहून आलेल्या रुग्णास एका तपासणीसाठी आणखी एक दिवस मुक्काम करावयास लावणारे द्रव्य सर्रास चालेल असे वाटत नाही.

सारांश असा. वलयी द्रव्यांमध्ये परस्परांत जे अंतर आहे ते डोळ्यास कधी दिसते, कधी दिसत नाही, आणि निर्णय बदलण्याइतके असल्याचे कोणी दाखविलेले नाही. त्यांपैकी जे सुलभ व परवडणारे असेल ते वापरण्यास शास्त्रीय हरकत नाही. वलयी आणि जुनी रेषीय द्रव्ये यांच्यामधील अंतर मात्र सुरक्षिततेचे आहे. युरोपचा निर्णय आपणांवर बंधनकारक नसला तरी त्यामागील कारणे आपल्या रुग्णांनाही लागू आहेत. म्हणून मूत्रपिंडांची स्थिती अज्ञात असेल किंवा तपासणी वारंवार व्हावयाची असेल, तेथे वलयी द्रव्य हाच नियम असावा.

याच्या अनुषंगाने एक सूचना करावीशी वाटते. ती खर्चाची नाही. तपासणीच्या अहवालात द्रव्याचे नाव, मात्रा आणि दिनांक ही तीन पदे लिहिली जावीत. पुढच्या वेळी निराळ्या गावी तपासणी झाली तरी गाठ वाढली की द्रव्य बदलले, हे मग ओळखता येईल; आणि त्या रुग्णास आजवर किती गॅडोलिनियम मिळाले याचा हिशेबही राहील. दुसरी सूचना संशोधनाविषयी. वाशिमचे महाविद्यालय नवे आहे आणि त्याच्या अवतीभवती अकोला, अमरावती व नागपूर येथील जुन्या-नव्या संस्था आहेत. कड्यासारख्या उजळणाऱ्या गाठींचा प्रथम अहवाल काय होता आणि सहा महिन्यांनी अथवा वर्षाने निश्चित निदान काय ठरले, एवढी नोंद या संस्थांनी एका वहीत सातत्याने ठेवली, तर तिसऱ्या पायरीवरील प्रश्नास हात घालता येईल. त्यासाठी नवे यंत्र नको, नवे द्रव्य नको. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी या वहीचा विचार करावा, एवढे सुचवून हे समीक्षण पुरे करतो.